हर्बची साउथवेस्ट

डॅलसमधले आमचे शेजारी अजून साउथवेस्ट या अमेरिकन विमानकंपनीच्या सहसंस्थापकाच्या, हर्ब केलेहरच्या, गोष्टी रंगवून सांगतात. १९९२ साली एका घोषवाक्याचा वाद कोर्टात न नेता हा गडी चक्क पंजा लढवायला उतरला. हरला, तरी गाजला! अशा साहेबाच्या साउथवेस्टने २०१९पर्यंत सलग ४७ वर्षं नफा कमावला.

आता बॅगेला पैसे लागतात. लागोत बापडे. मला खटकली ती फेब्रुवारी २०२५ची नोकरकपात: १,७५० माणसं. ९/११ नंतरही यांनी कुणाला घरी बसवलं नव्हतं! यासाठी सगळे २०२४मध्ये कंपनीत शिरून बदलांचा दबाव आणणाऱ्या इलियट या गुंतवणूकदार संस्थेला शिव्या घालतात. पण २०२२च्या नाताळात सोळा हजारांवर उड्डाणं रद्द झाली, तेव्हा वैमानिकांच्या ड्युट्या लावणारी जुनाट यंत्रणाच कोलमडली होती. ती वेळेत बदलायला इलियटने थोडंच अडवलं होतं?