आज भाच्याचा फॉर्म ६ भरला

भाच्याला गेल्या महिन्यात १८ पूर्ण झाली, म्हणून आज दुपारी आम्ही दोघं मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरायला बसलो. फोटो अपलोड होईपर्यंत सहज विचारलं, कुणाचं भाषण आवडतं रे तुला? तर त्याने पटापट चार रील्स दाखवल्या. नेता गाडीतून उतरतोय, स्लो मोशन, मागे दणदणीत म्युझिक आणि भाषणातलं एकच वाक्य. अख्खं भाषण एकही ऐकलेलं नाही. वॉर्डातल्या पाण्याची तक्रार कुणाकडे न्यायची विचारलं तर म्हणे, "मावशी, ते नाही माहीत."

राग नाही आला, पण काळजी वाटली खूप. गाण्याबजावण्यातून राजकारण कळणं आपल्याकडे जुनंच आहे, सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर यांची शाहिरी, याच्यावरच तर गिरणगावातली पोरं घडली. पण तिथे माणसं एकत्र बसून ऐकायची, सावकार, मजुरी, मालक सगळं त्यात यायचं आणि घरी जाताना रस्त्यात वाद व्हायचे. रील अर्ध्या मिनिटात संपते, एकट्याने बघायची, आणि एक लाइक केली की तसलीच पुढची येते, दुसरी बाजू समोर येतच नाही, हे मला फार खटकतं.

१९८९ च्या आधी मतासाठी २१ वर्षं थांबावं लागायचं, हेही त्याला आजच कळलं.

संध्याकाळी दोघांनी विधानसभेतलं एक पूर्ण भाषण लावलं. वीस मिनिटांनी त्याने पॉज केलं आणि विचारलं, "पुरवणी मागण्या म्हणजे काय गं?"