वेलांटीला वर जागा

सुतारकामातल्या त्या बंद्याबद्दल मला आधीच सांगून ठेवलं होतं. ‘उर्मट आहे, वर्गात बसवलं की भांडण उकरून काढतो. बाई, त्याच्या नादी लागू नका.’ कारागृहात आठवड्यातून दोनदा साक्षरता वर्ग घ्यायचा म्हणजे असे सल्ले फुकट मिळतात. शिवाय पुस्तकातला पहिला धडा तो घडाघडा वाचायचा, म्हणून मीही फारशी चौकशी केली नव्हती.

एका मंगळवारी वारा सुटला. त्याच्या पुढ्यातलं पान उलटलं आणि धडा मात्र तसाच चालू राहिला. समोर घागरीचं चित्र, तोंडात आंब्याचा धडा. शेजारचे दोघे फिदीफिदी हसले. त्याने पुस्तक भिंतीवर भिरकावलं, शिपाई आत आले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. कशाच्या जोरावर, ते अजून कळलेलं नाही.

नंतर त्याला फळ्यापाशी उभं केलं. ‘घर’ लिहिलं, त्याने ‘धर’ वाचलं. ‘भात’चं ‘मात’, ‘सर’चं ‘रस’. शाळेतही असंच व्हायचं का, विचारलं.

‘गुरुजी रोज अंगठे धरायला लावायचे. चौथीत मीच जाणं सोडलं. बाई, आठ सुताचा इंच, त्यात माझी चूक काढून दाखवा. पण कालचं अक्षर आज वळखू येत नाही.’

माझ्या भाच्याचं नेमकं हेच होतं. त्याला दहावीला जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी वाचण्या-लिहिण्यातली अडचण, धरलेली आहे. पण बेचाळीस वर्षांच्या माणसाचं काय? चाचण्या बहुतेक शाळकरी मुलांसाठी बेतलेल्या, आणि बाहेर न्यायचं तर पोलीस गार्ड हवा. कोर्टाच्या तारखेलाच तो मिळायची मारामार! त्यामुळे त्याला तेच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही.

भाच्यासाठी करायचो तशी पुठ्ठ्याची खिडकी त्याला हातानेच फाडून दिली. ओळीवर ठेवायची, एका वेळी एकच शब्द दिसतो. शुक्रवारी तो प्लायची पट्टी घेऊन आला. कडा पॉलिश पेपरने घासलेल्या, मधे चिरलेली खिडकी.

‘तुमच्यात वेलांटी कापली जात होती. वर दोन सूत जागा सोडलीया, खाली उकाराला एक.’

कारखान्यातली वस्तू बराकीत न्यायची नाही, असा नियम. पट्टी ऑफिसच्या कपाटात राहू लागली, वर्गाच्या दिवशी सही करून बाहेर यायची.

१७ मार्च २०२४ ला ‘उल्लास’ची, म्हणजे सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची, परीक्षा झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. रविवार होता, कपाटाची चावी असलेले साहेब सुट्टीवर. त्याने दोन बोटांत शब्द धरून पेपर सोडवला. संख्याज्ञानात वर्गात पहिला आला. वाचनात १७ लागतात, त्याला ११ पडले.

निकालाच्या कागदावर शेरा होता: ‘सुधारणा आवश्यक’. पट्टी लावून त्याने तो स्वतःच वाचायला घेतला. ‘सुधारणा’वर बराच वेळ गेला. ‘आवश्यक’पाशी अडला तशी मी तोंड उघडलं.

‘थांबा,’ तो म्हणाला.