बिडाचं बोरिंग आणि विमानाचं चाक

बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्नचा, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यांचा, धंदा करणारा माणूस पार्ट कशाचा आहे हे फारसं विचारत नाही. पंपाचं केसिंग येतं, व्हॉल्व्हची बॉडी येते, कुणाच्या ऊसगाड्याचं ब्रॅकेट येतं. माप घ्यायचं, सागवानात उतरवायचं, फौंड्रीत पाठवायचं आणि बिलासाठी दोन महिने फोन करायचे. एका शनिवारी दुपारी तिघं जण तवेरातून उतरले आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली वस्तू माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हाही मी आधी व्हर्नियरच हातात घेतला.

टॉवेलात चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, होता. दोन अर्धे भाग बोल्टांनी एकमेकांना जोडलेले. एक अर्धा बऱ्यापैकी धड, दुसऱ्याची कड पार खाल्लेली, आणि त्यावर पांढरी पूड, ओल धरलेल्या भिंतीवर फुटते तशी. तिघांतला एक बेळगावचाच, बँकेत नोकरीला. एक हुबळीचा प्राध्यापक, एक पुण्याचा कॉम्प्युटरवाला. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी जुनी लष्करी विमानं बघत, मोजत, पुसत हिंडतात. कुठल्याशा संस्थेच्या आवारात बरीच वर्षं पावसात उभं असलेलं एक एचटी-२, म्हणजे जुनं शिकाऊ विमान, त्यांनी रीतसर परवानगी काढून साफ करायला घेतलं होतं. त्याच्या शेपटीखालच्या छोट्या चाकाचा हा हब. मूळचाच, की मधे कुणी दुसऱ्या विमानाचा बसवलेला, यावर त्यांचं आपसांत एकमत नव्हतं. नवा करून पाहिजे होता, म्हणजे विमान तिन्ही चाकांवर नीट उभं राहील.

माझा पोरगा, म्हणजे कामावरचा, मोठा चपळ. मी मापाचा कागद शोधतोय तोवर त्यानं हब उचलला, वाईसमध्ये धरला आणि पांढरं उडवायला हँड ग्राइंडरचा प्लग लावला. सकाळभर त्याच ग्राइंडरवर लोखंड घासलं होतं.

"ए, ठेव ते खाली! प्लग काढ पहिला!"

ओरडले ते सार्जंट मामा. आमच्या गल्लीतले. हवाई दलातून निवृत्त झाले त्याला जमाना झाला. नोकरीची शेवटची वर्षं सांबऱ्याला नव्या पोरांना विमानाची यंत्रं शिकवण्यात गेली. चारच्या चहाला ते माझ्याकडे येतात आणि पेपर वाचून जातात. बेळगावात घरटी एक निवृत्त फौजी. पण बहुतेक सगळे मराठा लाइट इन्फंट्रीचे, पायदळातले. मामा निळ्या वर्दीचे, म्हणून त्यांचा थोडा वेगळा तोरा.

मामांनी हब वाईसमधून सोडवला, तळहातावर तोलला आणि माझ्या हातात दिला. "बघ की. कशाचा हाय?"

तीस वर्षं ॲल्युमिनियम हाताळतोय. एवढ्या आकाराला हाताला किती भार लागायला पाहिजे ते हातालाच कळतं. हा भार लागेना. आतून पोकळ आहे म्हणावं तर तसंही नाही.

"मॅग्नेशियम हाय ते," मामा म्हणाले. "त्या काळच्या विमानांत चाकाचे हब, गिअरची केसिंगं, वजन वाचवायला त्याचीच करायचे. आणि तुझा गडी त्याला लोखंडाच्या ठिणग्या दाखवूलालाय."

प्राध्यापकाला खात्री करून घ्यायची होती, पण हबला कुणी हात लावायचा नाही, ही त्यांची अट. टॉवेलात गळून पडलेली नखाएवढी कपची मिळाली. ती कानशीनं थोडी घासून चकचकीत केली आणि शेजारच्या गाड्यावरून आणलेल्या व्हिनेगरचे दोन थेंब वर सोडले. लगेच फसफसलं. शेजारी ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवून त्यावरही सोडलं, तो ढिम्म. मग मामांना राहवेना. कपचीचा चिमूटभर कीस काढून मागच्या अंगणात कौलाच्या तुकड्यावर ठेवला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि लांब काडीनं पेटवला. एवढाच कीस, पण असा पांढरा उजेड पडला की भर दुपारी डोळे मिटावे लागले. नंतर बराच वेळ माझ्या नजरेसमोर हिरवा ठिपका नाचत होता.

पोरगं सवयीनं पाण्याची बादली घेऊन धावलं होतं. मामांनी त्याला तिथंच उभं करून शिकवणी घेतली, सांबऱ्याच्या वर्गात घेत असतील तशी. पेटलेलं मॅग्नेशियम पाणी फोडतं, त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि आग विझायची सोडून भडका उडतो. वाळू टाकावी म्हणावं तर फौंड्रीतली मोल्डिंगची वाळू ओली असते, तीही तितकीच वाईट. मग टाकायचं काय? मामांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. बिडाचं बोरिंग. लेथवर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापलं की पडणारा काळा भुगा, कोरडा. तो वर पसरला की हवा तुटते आणि आग गुदमरते. जे पोतं आम्ही दर महिन्याला भंगारवाल्याला देतो, ते आगीचं औषध निघालं. तेव्हापासून एक डबा भरून ग्राइंडरजवळ ठेवलाय.

हाच हब ॲल्युमिनियम समजून भट्टीत टाकला असता तर काय, याचा विचार मी तेवढ्यावर थांबवला.

मग चहा आला आणि गाडी विमानावर गेली. मी म्हटलं, लढाऊ विमान असतं तर समजलो असतो, हे तर शिकाऊ. बँकवाला जरा चिडलाच. "काका, तुमच्यासारखंच सगळे म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, सगळ्या टीव्हीवर दिसलं. चौकाचौकात लढाऊ विमानं उभी आहेत. पण ज्याच्यावर पोरं पहिल्यांदा उडायला शिकली ते जातं मोडीत."

एचटी-२ हे भारतात आराखडा होऊन इथंच कारखान्यात उत्पादनात आलेलं पहिलं इंजिनाचं विमान. ५ ऑगस्ट १९५१ ला बंगळूरला पहिल्यांदा उडालं. उडवणारे कॅप्टन जमशेद मुन्शी. सगळा सांगाडा धातूचा, पुढेमागे दोन जागा, उत्पादनातल्या विमानांना १५५ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं सायरस मेजर इंजिन, तेही उलटं टांगलेलं. मागे छोटं चाक, त्यामुळे जमिनीवर नाक वर. धावपट्टीवर समोरचं नीट दिसत नाही. मामा म्हणाले, "ज्याला हे सरळ चालवता आलं, त्याला पुढचं कुठलंही आलं."

आणि मग प्राध्यापकानं जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. या विमानाचा आराखडा करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, गाव हसूरचंपू. गडहिंग्लज तालुका! आमच्या निम्म्या गल्लीची सोयरीक त्या बाजूची. सीमेच्या पलीकडं म्हणायचं, पण भाकरी आणि बोली एकच. तो गडी जर्मनीत गॉटिंगेनला प्रान्टल या हवागतीच्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला आणि वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला काढलेल्या विमान कारखान्यात दाखल झाला. वालचंद सोलापूरचे. आमच्याकडं सीमेवरून बोलताना कुणाचं काय याचा हिशेब फार चालतो. या हिशेबात हे नाव मी कधी ऐकलं नाही.

पुण्याच्या पोरानं लिबरेटरची गोष्ट सांगितली. महायुद्ध संपल्यावर ही अमेरिकी बॉम्बर कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती, परत कुणी वापरू नयेत म्हणून. एचएएलच्या, म्हणजे त्याच बंगळूरच्या कारखान्याच्या, लोकांनी त्यातली चाळीसच्या वर दुरुस्त केली. कामचलाऊ करून मुन्शींनी ती बंगळूरला उडवत नेली, तिथं नीट केली. १९६८ पर्यंत ती हवाई दलात होती. आज इंग्लंड, अमेरिका, कॅनडातल्या संग्रहालयांत जी लिबरेटर दिसतात, त्यातली काही इथूनच गेलेली. आपल्या भंगारातून दुसऱ्यांची संग्रहालयं भरली, असं तो म्हणाला. मला ते थोडं नाटकी वाटलं, पण खोटं नव्हतं.

कामाचं बोलताना खरी जुगलबंदी झाली. मी म्हटलं, खाल्लेल्या कडेला लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, सारखी करतो, तोच पॅटर्न म्हणून वापरू. तिघं एका सुरात नाही म्हणाले. मुळाला काही लावायचं नाही. मग धड अर्ध्यावरून पुठ्ठ्याचे साचे कापले, व्हर्नियरनं एकेक माप घेतलं. नवा हब ॲल्युमिनियमचाच ओतायचा होता. ॲल्युमिनियम थंड होताना मीटरला साधारण तेरा मिलिमीटर आकसतं, त्या हिशेबाची काँट्रॅक्शन स्केल, म्हणजे तेवढी वाढीव मापाची पट्टी, लावून लाकडात उतरवलं. आतल्या कोपऱ्याला मी जरा जाड गोलाई देणार होतो. तिथून तडा जातो हे उघड दिसत होतं. तेही नको. जसं आहे तसं. शिवाय नव्या हबच्या आतल्या बाजूला उठावाची अक्षरं पाडायची: नमुना, उड्डाणासाठी नाही. उद्या कुणी खरा समजून विमानाला लावला तर?

ही अट मला मनापासून पटली. गोलाईची नाही पटली, अजूनही नाही.

जुन्या हबचं काय करणार, विचारलं तर म्हणाले, कोरड्या डब्यात जपून ठेवणार. मॅग्नेशियमला पोलादाचा आस टेकलेला, त्यात पावसाचं पाणी. बॅटरीसारखं चालतं आणि मॅग्नेशियम खाल्लं जातं. कड कुठून, किती खाल्ली तेसुद्धा त्यांना नोंदवायचं होतं. माझ्या धंद्यात तुटका पार्ट म्हणजे नवा होईपर्यंतचं माप. त्यानंतर त्याची किंमत किलोवर. पण टॉर्चच्या उजेडात त्या धड अर्ध्याच्या आत बघितलं, तर कोअरचा, म्हणजे आतली पोकळी पाडणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा, सांधा अर्धा मिलिमीटर सरकलेला आणि तिथं कुणीतरी हातानं कानस मारून तो बसवलेला. तिरक्या, घाईतल्या रेघा. तपासनिसाचा बारका शिक्का बरोबर त्याच्या शेजारी. शनिवारी संध्याकाळी डिस्पॅच असला की आम्हीही हेच करतो. मी पोराला बोलावून त्या रेघा दाखवल्या. तो म्हणाला, "म्हणजे तिथंबी आपल्यासारखंच."

कास्टिंग तिसऱ्या आठवड्यात आलं. मशिनिंग करून मुळाशेजारी ठेवलं तेव्हा दिसायला जुळं, उचलायला दीडपट जड. मामांनी दोन्ही हातांत एकेक घेऊन बराच वेळ तोललं आणि नव्याला "पैलवान" नाव ठेवलं. बसवायला जाताना मामांना न्यायचं ठरलं. त्यांनी त्याच दिवशी बुटाला पॉलिश केलं.

बिलावर काय लिहायचं यावर मात्र अडलं. मी "विमानाचा हब" लिहून पाठवलं, तर आमच्या अकाउंटंटचा घाबरून फोन आला, लायसन्स आहे का म्हणून. शेवटी "ॲल्युमिनियम कास्टिंग, प्रदर्शनासाठी, नग एक" असं टाकलं. पॅटर्नचे पैसे मी लावले नाहीत. त्यावर अकाउंटंट म्हणाला, मग खर्च कशात दाखवू? जाहिरातीत दाखव म्हटलं.