माळ, पिशवी आणि चाळ

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी दहा किलो कांदे आणले आणि घरात शहाणपण केल्याच्या थाटात जाहीर केलं, "झालं पुरुमेंत!"

पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगीज वळणाचा, पण आता पक्का गोंयकार. सुकी मासळी, सोलं (आमसुलं), चिंच, मिरच्या, मीठ आणि कांदे, एवढं घरात आलं की मग पाऊस कितीही कोसळो. मडगावात पुरुमेंताचं फेस्तच भरतं. आई मात्र पेडण्याची, त्यामुळे तिचा सगळा विश्वास म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर. तिथे ती कांद्याची माळ घेते. सुट्टे कांदे तिच्या लेखी विकत घ्यायची वस्तूच नाही.

तिची माळ पारखणं बघण्यासारखं असतं. आधी ती माळ उचलून कानाजवळ हलवते. सालींची कोरडी सळसळ ऐकू आली तर पुढची बोलणी. मग अंगठ्याने एकेका कांद्याची मान दाबते, जिथून पात निघते ती जागा. मऊ लागली की माळ परत. बाजारवाली म्हणते, "अगो बाय, सगळे दामतले आसल्यार म्हाका कितें उरतलें?" सगळेच दाबत बसले तर मला काय उरणार? आई दाबायची थांबत नाही.

माझ्या दहा किलोंची मान मी दाबली नव्हती. नायलॉनची जाळीदार पिशवी घेतली, स्कूटरच्या पायाशी ठेवली, वाटेत एक सर लागली, आणि फोंड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती पिशवी सिंकखालच्या कपाटात गेली. शेजारी बटाटे.

बायको निफाड तालुक्यातली. तिने पिशवी उघडली आणि दोन कांदे बाहेर काढून माझ्यासमोर धरले. "हा डेंगळा. हा जोडकांदा. आणि हे बघा, मान अंगठ्याएवढी जाड आहे, सुकलेलीच नाही. अहो, हे खायचे कांदे आहेत, ठेवायचे नाहीत." तिच्या माहेरी कांदा ही भाजी नव्हे, घराचा वर्षाचा हिशेब. डेंगळा म्हणजे ज्याला फुलाचा दांडा आला तो. आत मधोमध दांड्याची कडक नळी राहते आणि तिथूनच तो सडायला लागतो. टिकतो तो उन्हाळ कांदा, मार्च-एप्रिलमध्ये काढून, पातीसकट शेतात सुकवून, मान मिटल्यावर कापलेला. खरिपाचा लाल कांदा दिसायला झकास, पण महिन्याभरात बाजार दाखवावा लागतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सिंकखालून वास यायला लागला. तो वास ज्याने घेतलाय त्याला वर्णन नको, ज्याने घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. एका कांद्याचं पाणी झालं होतं आणि त्याने आजूबाजूच्या सहांना सोबत नेलं होतं. उरलेल्यांच्या सालीखाली काजळी. बटाट्यांना कोंब.

तेव्हा कुठे मला कळलं की आईची माळ आणि सासऱ्यांची कांदाचाळ, म्हणजे कांदे साठवायची शेड, ही एकच गोष्ट आहे. चाळ जमिनीपासून उचललेली, तळाला बांबूच्या फटी, बाजू मोकळ्या. खालून वारा, बाजूने वारा, फक्त डोक्यावर छप्पर. माळ म्हणजे तीच चाळ उभी टांगलेली. कांदा काढला तरी जिवंत असतो, श्वास घेतो, पाणी सोडतो; ते पाणी वाऱ्याने नेलं नाही तर तो त्यातच बुडतो. गंमत म्हणजे गरमी त्याला चालते. पंचवीस-तीस अंशांत तो निवांत झोपतो, त्याहून थोडं गार झालं की त्याला कोंब फुटायची घाई होते. गोव्याच्या पावसाळ्यात घात करते ती दमट हवा. आजीच्या घरी माळा रांदणीवरच्या, म्हणजे चुलीवरच्या, वाशाला टांगायचे. खालून चुलीची ऊब आणि धूर, त्यामुळे जुलैतसुद्धा साली कुरकुरीत. आमच्या फ्लॅटला वासा नाही, धूर नाही. आईने स्वयंपाकघराच्या ग्रिलला माळ बांधली, पाऊस आत येणार नाही अशा बाजूला, आणि पंख्याचं तोंड तिकडे वळवलं. "तांकां वारें जाय," त्यांना वारा हवा, एवढंच म्हणाली.

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी झाली. बायको हौसेने करते: भजी, थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी. दोन दिवसांनी एकादशी, मग चातुर्मासात कांदा बंद. आमच्या घरात बंद फक्त आईपुरता. मला आपलं राहून राहून वाटतं, कांदे नासायला लागतात तेव्हाच ते वर्ज्य करणारा कोणीतरी फार व्यवहारी गृहस्थ असावा. याला शास्त्राधार काही नाही. आईसमोर बोलायची हिंमतही नाही.

चिरलेल्या कांद्यावरून मात्र सासू-सुनेचं जमत नाही. आईचा नियम, कांदा लागेल तेव्हा चिरायचा. आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून ती पाच कांदे चिरते आणि डोळ्यांत टिपूस नाही. पातं धारदार असलं की कांदा चिरडत नाही, आणि चिरडला नाही की झोंबणारा वायू कमी सुटतो. माझ्या बोथट सुरीने मी दोन कांद्यांत रडतो. बायकोला सकाळी आठची बस पकडायची असते. तिने एकदा रविवारी चिरून डबा फ्रिजमध्ये ठेवला. सोमवारचा चहा सगळ्यांनी न बोलता बेसिनमध्ये ओतला. आता ती उभे चिरून तेलात तांबूस परतते, खोबरं वेगळं भाजते, आणि दोन्ही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत फ्रिजमध्ये. बुधवारी शागुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याचा रस्सा, करायची तर निम्मं वाटण तयार. आईने पहिल्यांदा ती शागुती चाखली, चव घोळवली, म्हणाली, "बरी झाल्या. पण कांदो न्हिदलेलो लागता." कांदा झोपल्यासारखा लागतो! बायकोने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, छान झालीय म्हणते.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला. त्यांचा आणि आईचा एक ठरलेला विषय असतो.

"काय विहीणबाई, माळेतले किती गेले?"

"सात," आई म्हणाली. तिने खरंच मोजले होते. "आनी तुमचे?"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते हसले. "आमचे मोजत नाही. ट्रॅक्टरने उकिरड्यावर टाकतो." थोडं थांबून म्हणाले, "सात म्हणजे चांगली माळ मिळाली तुम्हाला."