जुन्या व्हीएसटी २ प्लगिन्सचे करायचे काय?

स्टुडिओतील मुख्य संगणक बदलणे आता टाळता येत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ज्या यंत्रावर लोकांचे आवाज साठवलेले आहेत, ते सुरक्षा-सुधारणांशिवाय इंटरनेटला जोडून ठेवणे मला पटत नाही. नवे यंत्र निवडायला फारसा वेळ लागला नाही. वेळ लागतो आहे तो पुढच्या प्रश्नाला, कारण वर्षानुवर्षे जमलेली आणि बहुतांश व्हीएसटी २ या फॉरमॅटमधली प्लगिन्स (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायची परिणामांची, म्हणजे इफेक्ट्सची, आणि वाद्यांची साधने) नव्या यंत्रावर न्यावीत की तिथून पुढे फक्त व्हीएसटी ३ वर काम करावे, हे त्याआधी ठरवावे लागणार आहे. नाशिकमधील इतर छोट्या स्टुडिओंसमोरही हाच प्रश्न आहे, म्हणून माझा विचार सविस्तर लिहून ठेवत आहे.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण निर्णयातला अर्धा भाग त्यावर अवलंबून आहे. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये क्यूबेस या आपल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत व्हीएसटी, म्हणजे प्लगिन सॉफ्टवेअरला जोडण्याचा हा फॉरमॅट, आणला. १९९९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीमुळे प्लगिनला मिडी संदेश (कोणता सूर केव्हा, किती जोरात वाजवायचा अशा सूचना) मिळू लागले आणि वाद्येही प्लगिनच्या रूपात वाजवता येऊ लागली. त्या मालिकेतील व्हीएसटी २.४ हे २००६ सालचे. व्हीएसटी ३ हे २००८ मध्ये आले, पण आधीचा फॉरमॅट इतका रुळला होता की पुढची अनेक वर्षे दोन्ही बरोबरीने चालत राहिले. ऑक्टोबर २०१८ पासून स्टाइनबर्गने व्हीएसटी २ साठी नवे परवाना-करार करणे थांबवले, म्हणजे ज्या विकासकाने त्याआधी करार केलेला नव्हता, त्याला त्या फॉरमॅटमध्ये अधिकृतपणे प्लगिन देण्याचा मार्गच उरला नाही. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने आणखी जाहीर केले की २४ महिन्यांच्या आत तिची स्वतःची सॉफ्टवेअर केवळ व्हीएसटी ३ ला आधार देतील. रीपरसारखी काही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आजही व्हीएसटी २, इतकेच काय, त्याहून जुनी डायरेक्टएक्स प्लगिन्सही उघडतात, त्यामुळे घाईने काही काढून टाकण्याची सक्ती कोणावरही नाही. परंतु ज्या फॉरमॅटमध्ये नवा विकासक येऊ शकत नाही, त्यात नवी भर जुन्या करारधारकांकडूनच पडणार आणि तीही दिवसेंदिवस कमी होणार, हे उघड आहे.

हा प्रश्न नव्या कामासाठी मला मुळीच अवघड वाटत नाही. माझी खरी काळजी जुन्या कामाची आहे. आमच्याकडे रेकॉर्ड झालेले काम पुन्हा पुन्हा परत येते. संत निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीतील भजनी मंडळाला काही वर्षांपूर्वीच्या अभंगात एक कडवे वाढवायचे असते. राज्य नाट्य स्पर्धेत परशुराम साईखेडकर नाट्यगृहात झालेल्या नाटकाचा पुन्हा प्रयोग ठरतो आणि दिग्दर्शकाला पार्श्वसंगीताचा एक तुकडा प्रकाशयोजनेनुसार लांबवून हवा असतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने तर जुनी भक्तिगीते नव्याने मिक्स करून मागणारे लोक आतापासूनच येऊ लागले आहेत. अशा वेळी जुना प्रोजेक्ट उघडला आणि त्यातील प्लगिन सापडले नाही, तर काय होते हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये परिणाम झालेला आवाज साठवलेला नसतो. तिथे असतो प्लगिनचा ओळखक्रमांक आणि त्याच्या सेटिंग्जचा एक गठ्ठा, जो केवळ त्या प्लगिनलाच वाचता येतो. व्हीएसटी २ मध्ये हा ओळखक्रमांक ३२ बिटचा, म्हणजे चार अक्षरांइतका असतो, तर व्हीएसटी ३ मध्ये तो १२८ बिटचा असतो. त्यामुळे एकाच कंपनीचे, एकाच नावाचे आणि अगदी एकसारखे दिसणारे प्लगिन दोन्ही फॉरमॅटमध्ये बसवलेले असले, तरी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती दोन वेगळी प्लगिन्स ठरतात. ‘हे व्हीएसटी ३ त्या व्हीएसटी २ च्या जागी चालेल’ असे घोषित करण्याची सोय फॉरमॅटमध्ये आहे आणि विकासकाने ती नीट वापरली असेल, तर क्यूबेससारखे सॉफ्टवेअर जुन्या जागी नवे प्लगिन आपोआप बसवते. ती वापरली नसेल, तर जागा रिकामी राहते. ऑटोमेशनची, म्हणजे गाण्याच्या ओघात नियंत्रणे आपोआप हलवणाऱ्या रेषांचीही तीच गत आहे. व्हीएसटी २ मध्ये प्रत्येक नियंत्रण क्रमाने ओळखले जाते, व्हीएसटी ३ मध्ये विकासकाने दिलेल्या स्वतंत्र क्रमांकाने. हे दोन्ही जुळवून ठेवलेले नसतील, तर शेवटच्या कडव्यात हळूहळू वाढत जाणारा रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) ज्या रेषेने आखला होता, ती रेषा कशालाच जोडलेली राहत नाही.

म्हणून निर्मात्याने व्हीएसटी ३ आवृत्ती दिली आहे एवढ्यावर समाधान मानू नये, ती पडताळून पाहावी. पद्धत सोपी आहे. जुन्या यंत्रावर व्हीएसटी २ लावून एक ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून काढावा, त्याच सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे जितके नमुने घेतले जातात त्या दरावर) नव्या यंत्रावर व्हीएसटी ३ लावून तोच ट्रॅक काढावा, दोन्ही फाइली सॅम्पलपर्यंत अचूक एकाखाली एक ठेवाव्यात आणि एकीची पोलॅरिटी उलटी करावी, म्हणजे लहरीचे चढ आणि उतार अदलाबदल करावेत. दोन्ही आवाज एकच असतील, तर बेरीज शून्य होते आणि काहीही ऐकू येत नाही. इक्वलायझर आणि साधा डिले यांच्या बाबतीत ही कसोटी निर्विवाद आहे. आवाज दाट करणाऱ्या ज्या कोरसमधील हेलकावा दर वेळी वेगळ्या ठिकाणापासून सुरू होतो, तिथे मात्र तेच प्लगिन स्वतःशीसुद्धा जुळत नाही, आणि तिथे कानांवरच विसंबावे लागते. जी प्लगिन्स या कसोटीला उतरतात, त्यांची व्हीएसटी २ आवृत्ती नव्या यंत्रावर नेण्याचे काहीच कारण मला दिसत नाही. शिवाय व्हीएसटी ३ मध्ये ऑटोमेशनच्या नोंदींची वेळ सॅम्पलपर्यंत अचूक असू शकते, साइडचेन (एका ट्रॅकच्या आवाजाने दुसऱ्यावरचा परिणाम चालवणे) नीट जोडता येते आणि ट्रॅकवर शांतता असताना प्लगिनला काम थांबवता येते. मोठ्या प्रोजेक्टमध्ये हे फायदे जाणवतात.

खरा पेच निराधार झालेल्या प्लगिन्सचा आहे. २००० नंतरच्या दशकात सिंथएडिट या साधनाने बनवलेली असंख्य मोफत प्लगिन्स उपलब्ध झाली. ती विंडोजपुरती आणि ३२ बिटची होती. त्यांतील अनेकांचे निर्माते आज त्या क्षेत्रात नाहीत, त्यामुळे ६४ बिट किंवा व्हीएसटी ३ आवृत्ती येण्याची शक्यताही नाही. माझ्याकडे असेच एक तानपुऱ्याचे प्लगिन आहे. त्याच्या जव्हारीचा आवाज मला इतका आवडतो की आमच्या कितीतरी अभंगांखाली तोच वाजतो आहे. ६४ बिट सॉफ्टवेअर ३२ बिट प्लगिनला आपल्या प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्राममध्ये) घेऊ शकत नाही. त्यासाठी जेब्रिजसारखा पूल वापरावा लागतो किंवा रीपरमध्ये अंगभूत असलेली तशी सोय वापरावी लागते. दोन्हींत प्लगिन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते आणि आवाज दोन प्रोसेसमधून ये-जा करतो. ही व्यवस्था काम करते, पण ती आणखी एक दुवा आहे आणि तो दुवाही कोणीतरी पुढे सांभाळत राहावा लागतो. म्हणून पूल हा स्थलांतराच्या काळापुरता मार्ग आहे, असे माझे मत आहे.

तानपुऱ्यासाठी मी वेगळा मार्ग घेत आहे. काळी एकपासून काळी पाचपर्यंत, गायकांना लागणाऱ्या प्रत्येक पट्टीत, पंचमाच्या आणि मध्यमाच्या जुळवणीत तो तानपुरा काही मिनिटे अखंड वाजवून वेव्ह फाइल म्हणून साठवायचा. एकदा हे झाले की तो आवाज कोणत्याही प्लगिनवर, फॉरमॅटवर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून राहत नाही. हे स्वतःच्या वापरासाठी आहे. दुसऱ्याच्या प्लगिनमधून काढलेले आवाज संग्रह म्हणून वाटण्यापूर्वी त्याच्या परवान्याच्या अटी वाचल्या पाहिजेत.

रिव्हर्बसाठीही असा मार्ग आहे. पूर्ण पातळीचा, केवळ एका सॅम्पलचा ठोका जुन्या रिव्हर्बमधून पाठवायचा, मूळ आवाज पूर्ण बंद ठेवायचा आणि शेपूट पूर्णपणे विरेपर्यंत जे बाहेर येईल ते साठवायचे. ही फाइल कोणत्याही कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (साठवलेल्या प्रतिध्वनीवरून घुमारा उभा करणाऱ्या प्लगिनमध्ये) घातली, उदाहरणार्थ रीपरसोबत येणाऱ्या ReaVerb मध्ये, की तीच खोली परत मिळते. स्टिरिओची रुंदी नीट हवी असेल, तर डाव्या आणि उजव्या बाजूचा ठोका स्वतंत्रपणे पाठवावा लागतो. मात्र ज्या रिव्हर्बच्या आत सतत हालचाल असते, त्याचा केवळ एक गोठलेला क्षण या पद्धतीने हाती लागतो. कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ-उतार आवरणारा) आणि सॅच्युरेशन (किंचित विकृतीने आवाज भरीव करणारे) यांना तर ही पद्धत लागूच पडत नाही, कारण त्यांचे वागणे येणाऱ्या आवाजाच्या पातळीनुसार बदलते. नाशिक ढोलच्या रेकॉर्डिंगमध्ये हे फार महत्त्वाचे ठरते. ढोलाच्या ठोक्याचा सुरुवातीचा तडाखा आम्ही ज्या जुन्या लिमिटरने (पातळी एका मर्यादेवर रोखणाऱ्या प्लगिनने) आवरला, त्याची किंचित विकृती हा त्या आवाजाचाच भाग झाला आहे आणि दुसऱ्या लिमिटरने तो तसाच येत नाही. तिथे एकच उपाय आहे: जुने यंत्र चालू आहे तोवर परिणामासहित ट्रॅक छापून घेणे, म्हणजे ध्वनी-फाइल म्हणून कायमचा काढून ठेवणे.

एका बाबतीत मात्र मी व्हीएसटी २ च्या बाजूने बोलेन. व्हीएसटी ३ मध्ये मिडीचे कंट्रोलर संदेश प्लगिनपर्यंत थेट पोहोचत नाहीत. प्लगिनने ते आपल्या नियंत्रणांशी जोडून घ्यावे लागतात. वाद्य वाजवणाऱ्या साध्या प्लगिनला यात अडचण येत नाही, पण मिडीवरच प्रक्रिया करणाऱ्या साधनांच्या विकासकांना ही रचना त्रासदायक ठरली आहे. अशा काही साधनांची व्हीएसटी २ आवृत्तीच अजून अधिक भरवशाने चालते आणि पर्याय मिळेपर्यंत ती मी ठेवणार आहे. यू-ही आणि बिटविग या संगीत-सॉफ्टवेअर कंपन्यांनी जून २०२२ मध्ये जाहीर केलेल्या क्लॅप या फॉरमॅटमध्ये मिडी थेट पोहोचते आणि त्याला कोणालाही मुक्तपणे वापरू देणारा एमआयटी परवाना पहिल्यापासून आहे, म्हणून या साधनांसाठी माझे लक्ष तिकडे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटी ३ चे विकास-किट एमआयटी परवान्याखाली दिले, ही मला अतिशय आनंदाची गोष्ट वाटते. व्हीएसटी २ ची दारे एका कंपनीच्या निर्णयाने बंद झाली, तशी ही दारे आता सहज बंद होणार नाहीत.

मॅक वापरणाऱ्यांना इतका विचार करण्याची मोकळीक मिळालेली नाही. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिट सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद केले आणि २०२० नंतरच्या ॲपल सिलिकॉनवर इंटेलसाठी बनवलेली व्हीएसटी चालवण्यासाठी बहुतेक वेळा संपूर्ण रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर रोझेटातून (इंटेलसाठीचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीतून) उघडावे लागते. रोझेटाचा सर्वसाधारण आधार मॅकओएस २७ पर्यंतच राहील असे ॲपलने सांगितले आहे. त्यांनी आपली छपाई त्याआधी उरकावी.

या सगळ्याचा माझ्यापुरता निष्कर्ष असा की प्लगिन ही आवाज साठवण्याची जागा नव्हे, आणि फॉरमॅट ठेवावा की काढावा हा प्रश्न प्रत्येक जुन्या प्रोजेक्टचा आवाज स्वतंत्रपणे साठवून झाल्यानंतरच विचारावा. जुन्या यंत्रावर आम्ही प्रत्येक प्रोजेक्टमधील प्रत्येक ट्रॅक दोनदा काढत आहोत, एकदा कोणत्याही परिणामाविना, म्हणजे कोरडा, आणि एकदा सर्व परिणामांसह. सर्व फाइली एकाच शून्य वेळेपासून सुरू होतात, २४ बिटच्या असतात आणि मूळ सॅम्पल रेट जसाच्या तसा राखतात. त्यांच्यासोबत लय, पट्टी, गायक-वादकांची नावे आणि महत्त्वाच्या प्लगिन्सच्या सेटिंग्जची छायाचित्रे ठेवतो. कोरडा ट्रॅक ठेवण्याबाबत मी विशेष आग्रही आहे. आमच्याकडे गायलेल्या काही ज्येष्ठ कीर्तनकारांचा आवाज आता पुन्हा रेकॉर्ड होणार नाही. त्या आवाजावर २०१० च्या सुमाराच्या एखाद्या रिव्हर्बचा थर कायमचा चिकटून राहावा, हे योग्य नाही. उद्याच्या मिक्सिंग करणाऱ्याला तो गळा निखळ मिळाला पाहिजे. नाटकाच्या पार्श्वसंगीताचे असे संच तयार असल्यामुळे नुकताच एक तुकडा एकही जुने प्लगिन न उघडता लांबवून देता आला.

जुने यंत्र विकणार नाही. ते इंटरनेटपासून तोडून, त्यावरील सर्व प्लगिन्ससह तसेच ठेवायचे ठरले आहे, पण त्यावर कायमचा भरवसा ठेवणार नाही, कारण यंत्राइतकाच परवान्यांचाही प्रश्न असतो. स्टाइनबर्गची ई-लायसन्सर ही परवाने सांभाळणारी सेवा २०२५ मध्ये बंद झाली. ऑनलाइन परवानगी मागणारे कोणतेही जुने प्लगिन डिस्क बदलल्यावर पुन्हा सुरू होईलच, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

नव्या यंत्रावर व्हीएसटी ३ आणि काही ठिकाणी क्लॅप एवढेच असेल. अपवाद त्या मोजक्या मिडी साधनांचा. तेथे व्हीएसटी २ चे फोल्डर असेल, पण त्यात काय आहे आणि का आहे याची यादी त्याच फोल्डरमध्ये लिहिलेली असेल, म्हणजे पर्याय मिळताच एकेक नाव खोडता येईल. सध्या छपाईचा क्रम आम्ही मागणीनुसार लावला आहे: आधी सिंहस्थासाठी मागितलेली भक्तिगीते, मग दिंडीचे अभंग, मग नाटके आणि शेवटी जाहिराती. शहरातील ज्या मित्रांचे संगणक याच सुमारास बदलत आहेत, त्यांना माझी विनंती आहे की जुनी डिस्क पुसण्यापूर्वी निदान कोरडे ट्रॅक तरी काढून घ्यावेत, आणि ३२ बिट प्लगिन्स उघडणारे यंत्र ज्यांच्याकडे उरले नसेल, त्यांनी आपले प्रोजेक्ट घेऊन आमच्याकडे यावे. आमचे यंत्र चालते आहे तोवर ते काम आम्ही करून देऊ.