लिव्हरपूल : मोनाबाईंचं तळघर

मॅथ्यू स्ट्रीटवर अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं. शनिवारची संध्याकाळ, गल्ली जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी, आणि दहा-दहा पावलांवर पब. प्रत्येक पबात गिटारवाला एक गायक, प्रत्येकाचं गाणं बीटल्स या इथल्याच बँडचं पण वेगळं, आणि सगळ्यांचे स्पीकर रस्त्याकडे तोंड करून लावलेले. लग्नाआधीची मजा करायला आलेल्या मुलींचे घोळके गुलाबी पट्टे घालून हिंडत होते. बीटल्समधल्या जॉन लेननच्या पुतळ्याशेजारी फोटो काढायला झुंबड, सिला ब्लॅकच्या पुतळ्याशेजारीही तीच गत. ही सिला आधी कॅव्हर्न क्लबात लोकांचे कोट सांभाळायची, मग स्वतः मोठी गायिका झाली. तिच्या पुतळ्यासमोर मला दोन मिनिटं शांतपणे उभं राहायचं होतं, ते काही जमलं नाही.

माझा भाचा मँचेस्टरला शिकतो. तिथून लिव्हरपूल ट्रेननं तासाभराच्या आत, म्हणून दोघं मिळून गेलो होतो. "मावशी, खाली चल, आत बरं असेल," असं म्हणत त्यानं मला कॅव्हर्नमध्ये नेलं. वळत वळत जिने उतरायचे, की विटांच्या कमानींचं तळघर लागतं. गाणारा मुलगा सुरेल होता, मनापासून गात होता. आजूबाजूला माझ्या वयाचे कितीतरी लोक डोळे मिटून शब्द न् शब्द म्हणत होते. मला मात्र काही केल्या आतून हलल्यासारखं होईना. हा क्लब १९५७ साली जॅझसाठी सुरू झाला. १९६१ ते १९६३ या काळात बीटल्स इथे २९२ वेळा वाजवून गेले. आणि १९७३ साली भुयारी रेल्वेच्या कामासाठी तो बंद करून बुजवून टाकला! आताचा कॅव्हर्न १९८४ मधला, जुन्या विटा वापरून, बऱ्याचशा त्याच जागेवर पुन्हा उभा केलेला. तो पुन्हा बांधणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत, पण मूळचं तळघर मातीनं भरताना कुणी आडवं का आलं नाही, याचा मला तिथे उभी असताना खरोखर राग आला.

आमचं हॉटेल त्या गल्लीच्या मागच्याच बाजूला होतं. रात्री तीनपर्यंत खिडकीची काच थरथरत होती. रिसेप्शनवर कानात घालायचे बोळे एका वाडग्यात भरून ठेवलेले, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. झोप प्यारी असेल तर मुक्काम त्या भागात करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्बर्ट डॉकवर गेलो आणि शहराशी माझं जरा जुळलं. मर्सी नदीच्या काठची ही गोदी १८४६ साली सुरू झाली. वखारींना आग लागू नये म्हणून लाकूड टाळून सगळं बांधकाम लोखंड, वीट आणि दगडाचं केलेलं. लाल लोखंडी खांब इतके जाड आहेत की दोन्ही हातांची कव पुरत नाही. मी वऱ्हाडातली, कापूसवाल्यांच्या घरातली. आमचा कापूस या शहराच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून विकला जायचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांवर पैशाचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईत बँकांमागून बँका बुडाल्या. आपल्याकडच्या शेतकऱ्याचं बरंवाईट इथे ठरायचं, आणि इथल्या श्रीमंतीला त्याच्याही आधीची गुलामांच्या व्यापाराची काळी बाजू आहे. गोदीच्या देखण्या खांबांखाली कॉफी पिताना हे विसरावं असं मला वाटत नाही. भाच्याला मी हे सगळं सांगत बसले. त्यानं निमूटपणे ऐकून घेतलं, गुणी मुलगा आहे.

बंदर आहे म्हणूनच हे संगीत इथे जन्मलं, हे त्या धक्क्यावर उभं राहिल्यावर नीट कळतं. न्यू यॉर्कच्या फेऱ्या करणारे इथले खलाशी परतताना तिकडच्या रेकॉर्डी आणि वाद्यं घेऊन यायचे. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं आपली अमेरिकन बनावटीची ग्रेच गिटार १९६१ साली अशाच एका खलाशाकडून विकत घेतली होती. आणि जहाजानं नुसत्या वस्तूच आल्या नाहीत, माणसंही आली. त्यातल्या एका बाईसाठी मी हा लेख लिहायला बसले आहे.

मोना बेस्ट. जन्म १९२४, दिल्ली. तिचा थोरला मुलगा पीट १९४१ साली तेव्हाच्या मद्रासला जन्मला. महायुद्ध संपल्यावर सैनिकांना घेऊन निघालेल्या 'जॉर्जिक' जहाजातून हे कुटुंब हिंदुस्थान सोडून निघालं आणि १९४५ च्या नाताळच्या दिवशी लिव्हरपूलला उतरलं. बॉम्बहल्ल्यांनी फुटलेलं शहर, डिसेंबरची थंडी. उन्हात वाढलेल्या त्या एकविशीतल्या बाईला पहिल्या दिवशी काय वाटलं असेल!

पुढची हकिकत वेस्ट डार्बी नावाच्या उपनगरातली. शहरातून टॅक्सीनं गेलो. टॅक्सीवाले इथे भरभरून बोलतात. आमच्या चालकानं हेमन्स ग्रीन हे रस्त्याचं नाव ऐकलं आणि मागे वळून म्हणाला, "चला, कुणीतरी तिकडे जातंय." शांत रस्ता, मोठाली झाडं आणि झाडांमागे एक जुनं, भलं थोरलं घर. ते मोनानं विकत घेतलं त्याची गोष्ट अशी : १९५४ च्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत तिनं 'नेव्हर से डाय' नावाच्या घोड्यावर पैसे लावले. पैसे कुठले, तर दागिने गहाण टाकून उभे केलेले. घोड्याचा भाव एकाला तेहेतीस, वर बसलेला जॉकी लेस्टर पिगॉट, वय अवघं अठरा. घोडा जिंकला, आणि त्या पैशावर हे घर आलं.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरात दागिने गहाण पडलेले मी पाहिले आहेत, पेरणीच्या तोंडावर, बियाण्यासाठी. त्या दिवसांत घरातल्या बाईचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. म्हणून माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला तो, दागिने सोडवून आणले का? आम्हाला फिरवून दाखवणारा माणूस क्षणभर थांबला. म्हणाला, लोक घोड्याचं नाव विचारतात, हे कुणी विचारत नाही.

तर या घराच्या तळघरात, जिथे कोळसा ठेवायचे तिथे, मोनाबाईंनी २९ ऑगस्ट १९५९ रोजी पोरांसाठी कॉफी क्लब काढला : 'कॅस्बा'. लंडनच्या एका कॉफी बारवरचा कार्यक्रम टीव्हीवर पाहून ही कल्पना सुचलेली. दारू नाही, कॉफी आणि कोक. पहिल्याच रात्री वाजवायला 'क्वारीमेन' ही मंडळी, म्हणजे पुढचे बीटल्स, त्यांत जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन. आधी याच पोरांनी ब्रश घेऊन भिंती आणि छतं रंगवली होती, आणि तो रंग आजही तसाच आहे.

दाराशी डोकं वाकवूनच आत शिरावं लागतं. ओलसर विटांचा वास. खोल्या कसल्या, एकातून दुसरीत उघडणारे कोनाडेच, हात वर केला की छताला टेकतो. पॉलनं रंगवलेलं इंद्रधनुषी पट्ट्यांचं छत मी अगदी जवळून पाहिलं. पट्टे सरळ नाहीत. एका ठिकाणी रंग संपत आल्यावर ब्रश कोरडा ओढल्याच्या रेघा स्पष्ट दिसतात. सतरा वर्षांचा मुलगा मान मागे टाकून रंगवतोय, रंग डोळ्यात ठिबकतोय, हे त्या रेघांकडे बघून मला दिसायला लागलं. पुढच्या खोलीत छतभर चांदण्या. एका भिंतीवर सिंथियानं काढलेली जॉनची काळी आकृती, ती पुढे त्याची बायको झाली. काचेचं कपाट नाही, समोर दोरी नाही. कॅव्हर्नमध्ये माझं जे हललं नाही ते इथे हललं. भाचासुद्धा गप्प झाला. तो बीटल्स फारसे ऐकत नाही, पण त्यानं विचारलं, "मावशी, सगळ्यांची सुरुवात अशीच कुणाच्या तरी आईच्या घरी होते का गं?"

मोनाबाईंच्या स्वभावाची एक गोष्ट तिथे कळली, ती मला फार आवडली. सुरुवातीच्या दिवसांत केन ब्राऊन नावाचा त्यांचा एक गिटारवाला एका रात्री आजारी होता, वाजवू शकला नाही. बाईंनी तरीही त्याचा वाटा त्याला दिला. बाकीचे तिघं त्यावरून चिडून क्लब सोडून गेले. वर्षभरानं पीटला ड्रमवर घेऊन हीच पोरं हँबुर्गला गेली, परत आल्यावर पुन्हा कॅस्बात वाजवू लागली, आणि बाई त्यांच्यासाठी ठिकठिकाणी शब्द टाकत राहिल्या. मग १६ ऑगस्ट १९६२ ला पीटला बँडमधून काढलं आणि रिंगो स्टार आला. कॅस्बा त्याआधी जूनमध्येच बंद झालं होतं. संगीताच्या दृष्टीनं निर्णय बरोबर असेलही. पण ज्या घरानं या पोरांना खायला-प्यायला घातलं, वाजवायला जागा दिली, त्याच घरातला मुलगा बाहेर काढला गेला, हे मला आजही लागतं. बाई १९८८ साली गेल्या.

बाकीच्या ठिकाणांचं फार सांगत नाही. बीटल्सच्या गाण्यातल्या पेनी लेनला पाऊस होता. फोर्थलिन रोडचं मॅकार्टनींचं नगरपालिकेचं छोटंसं घर नीट जपलंय. वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत ६ जुलै १९५७ ला जॉन आणि पॉल पहिल्यांदा भेटले, ते चर्च डोळे भरून पाहावं असं आहे. मर्सीवरची फेरी छान, वारा मात्र कानात शिरतो. 'स्काउज' हे मटण-बटाट्याचं रटरटणारं कालवण, सोबत लाल कोबीचं लोणचं. थंडीत त्यासारखं दुसरं काही नाही, आणि वाढणारी बाई न विचारता दुसऱ्यांदा वाढून गेली.

ज्या सहलीच्या बसनं आम्ही शहर पाहिलं, तिच्या थांब्यांत कॅस्बा नव्हतं. दोन तासांच्या निवेदनात मोना बेस्ट हे नाव एकदाही आलं नाही. मी उतरताना गाईडला तसं सांगितलं. जॉन, सिला, बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन, त्यांच्या गाण्यातली एलिनॉर रिग्बी या सगळ्यांचे पुतळे पाहिले, आता या बाईंचं नाव निदान बसच्या निवेदनात तरी यायला हवं. तुम्ही गेलात तर कॅस्बाची वेळ आधी ठरवून घ्या, आयत्या वेळी आत सोडत नाहीत, आणि बाकीचं सगळं त्याभोवती बसवा. मॅथ्यू स्ट्रीट बघायचाच असेल तर सकाळी लवकर, पब उघडायच्या आधी.