पायपर कबमध्ये सहा फूट तीन इंच

माझा धाकटा भाऊ सहा फूट तीन इंच उंच असून त्याचे वजन ११८ किलो आहे. परदेशी त्याला पायपर जे-३ कब हे एकामागे एक दोन आसनांचे छोटे विमान उडवायला शिकायचे असल्याने आम्ही नाशिकच्या घरी आधी हिशेब मांडला. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ३४७ आणि कमाल वजन ५५३ किलो, म्हणजे भार जेमतेम २०६ किलोंचा. त्यातून पूर्ण टाकीच्या इंधनाचे ३३ किलो आणि भाऊ वजा केल्यास प्रशिक्षकासाठी केवळ ५५ किलो उरतात. टाकी अर्धीच भरावी, हे माझे ठाम मत आहे. गुरुत्वमध्य सांभाळण्यासाठी हे विमान एकट्याने मागच्याच आसनावरून उडवतात, आणि तिथे पाय पुढच्या आसनाच्या दोन्ही बाजूंनी लांबवता येतात, याचा मला मनापासून आनंद वाटला. डोके छताला लागू नये म्हणून गादी मात्र पातळच हवी.